पावडर कालवेपर्यंत

११ जानेवारी

बारक्या,

त्या दिवशी आपल्या मत्स्यबीज केंद्रात हौदाच्या काठावर बसून तू विचारलं होतंस, "एवढीशी गोष्ट, आत शिरली कशी?" मी फॉर्म भरत होते. मान वर न करता म्हणाले, "तपास चालू आहे." सख्ख्या भावाला कुणी असं उत्तर देत नाही. त्याला तीन वर्षं झाली. आज देते.

विषाणू दोन तऱ्हेचे असतात. काहींच्या अंगावर तेलकट वेष्टण असतं. पेशीचं पटलही तेलकटच. पाण्यावरचे तेलाचे दोन थेंब जवळ आले की एक होतात, तसं ते वेष्टण पटलात मिसळून जातं आणि आतला ऐवज आत उतरतो. दुसऱ्यांना वेष्टण नसतं. नुसतं प्रथिनांचं कवच, वीस बाजूंचं, बोडकं. मी माशांचे जे बघते ते या दुसऱ्या जातीचे. त्यांना मिसळून जायची सोय नाही. पोहता येत नाही. पाणी नेईल तिकडे जातात.

मग पेशीच्या अंगावर जी प्रथिनं असतात, आपापल्या कामासाठी असलेली, त्यातलं एखादं त्या कवचाला चिकटतं. एका जातीच्या बाबतीत ते कुठलं निघालं माहीत आहे? पाणी तापलं, पेशीवर ताण आला, की ती एक प्रथिन जास्त बनवते. बाकीच्यांना सांभाळणारं, वाकडं होऊ न देणारं. नेमकं तेच. त्यानंतर पटल आत वळतं, पिशवी होते, पिशवीचं तोंड मिटतं. कधी कधी पेशी बाहेरच्या पाण्याचे मोठे घोट घेत असते, त्या घोटातून हाही जातो. वर्तमानपत्रात लिहितात, विषाणू घुसला. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीच त्याला आत घेताना दिसते.

हे मी शाळेत शिकवल्यासारखं लिहिते आहे. तू म्हणशील, ताईला पत्र लिहायला सांगितलं तर निबंध लिहिला. शिवाय तुला कुणी सांगितलं होतं, असंही म्हणशील.

परवा आपल्या फाटकावरच्या जकातकाकांची मुलगी माझ्या प्रयोगशाळेत आली होती. प्लास्टिकच्या पिशवीत काकांचे गमबूट घेऊन. "बाबा म्हणाले, ताईंना तपासून द्यायला सांग."

तुझी,
ताई


२१ जानेवारी

बारक्या,

उत्तर आलं नाही. येईल असं धरलंही नव्हतं.

पिशवीपर्यंत आलो होतो. विषाणू पिशवीत आहे, म्हणजे पेशीच्या आत आहे आणि नाहीही. भोवती अजून भिंत आहे. पेशी आता ती पिशवी आंबट करायला लागते. आत घेतलेलं पचवायची तिची ती रीत. त्या आंबटपणानेच कवच सैल होतं. त्यातून एक लहानसा तुकडा बाहेर निघतो आणि पिशवीच्या भिंतीला भोक पाडतो. आम्ही औषध घालून पिशवी आंबट होऊ दिली नाही, तेव्हा कवच मिटलेलंच राहिलं. चार दिवस राहिलं. पेशी धडधाकट. मी रोज सकाळी आठ वाजता जाऊन बघायचे. माझ्या सहायिकेने विचारलं, "मॅडम, तुम्हाला कंटाळा नाही येत, काही होत नाही ते बघायचा?" मी म्हटलं, काही होत नाही हेच तर बघायचंय.

काकांचे बूट मी तपासले. तळव्याच्या खाचांमधून कापसाने पुसून नमुना घेतला. काही सापडलं नाही. सापडणार कसं? तीन वर्षं ते उन्हात ठेवलेले आहेत. मुलगी सांगत होती, रोज धुतात. नातवाला शिवू देत नाहीत. घरात पाहुणा आला तर त्याला दारात उभं करून विचारतात, कुठल्या तळ्यावरून आलात का. बिचारा विमा एजंट असतो. त्याने आयुष्यात तळं बघितलेलं नसतं.

"बूट स्वच्छ आहेत," असं मी कागदावर लिहून सही करून दिलं. ती कागद बघत राहिली. म्हणाली, "आणि तेव्हा होते का, असं विचारायला सांगितलंय."

मी म्हटलं, "तेव्हाचं आता कसं सांगणार?"

बघ, पुन्हा तेच. मला अशी उत्तरं फार चांगली येतात.

तुला आठवत असेल. तू माझ्याकडे दहा दिवस मागितले होतेस. पलीकडच्या शेडमधली बोटुकली, बोटाएवढी झालेली पिल्लं, अजून निरोगी होती, ती विकून तेवढं तरी हाती लागलं असतं. मी नाही म्हणाले. एक हौद बाधित म्हणजे सगळं केंद्र बाधित, नियमच आहे, आणि ती पिल्लं आणखी दहा तळ्यांत रोग घेऊन गेली असती. सगळं नष्ट करायच्या आदेशावर मी सही केली. बाबांनी वीस वर्षं निवडून निवडून राखलेले अंडी देणारे मासे, त्यांच्यासकट सगळं खड्ड्यात गेलं. बाबा खुर्चीत बसून होते. माणसं खड्ड्यावर चुन्याच्या गोणी फोडत होती तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं नाही. तू म्हणालास, "तू तुझ्या खरेपणाला घेऊन बस. आम्हाला बहीण नाही."

ती सही बरोबर होती. आजही करीन. तू ज्याच्यासाठी मला तोडलंस ते मी बरोबर केलं होतं, हे मला लिहायचं होतं. हे लिहून झाल्यावर बरं वाटेल असं वाटलं होतं.

ताई


४ फेब्रुवारी

बारक्या,

काकांना भेटून आले.

दवाखान्यात आहेत. छातीत पाणी झालंय. दुसरा मजला, लांबट खोली, सहा खाटा, खिडकीला जाळी. उशाशी स्टीलचा पेला आणि त्यावर उपडी बशी. मला बघून उठायला लागले. मुलीने धरलं.

"जकात भरली का, ताई?"

तू ठेवलेलं नाव त्यांना आवडायचं, मला तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटायचं, सहन करतात. तीस वर्षं आपल्या फाटकाशी तो सिमेंटचा पायहौद, त्यात ब्लीचिंग पावडरचं पाणी, आणि हातात घड्याळ घेऊन काका. पाच मिनिटं बूट बुडवल्याशिवाय जिल्ह्याच्या साहेबालाही सोडलं नाही त्यांनी. साहेब चिडला होता. "मी कोण आहे माहीत आहे का?" काका म्हणाले, "माशांना नाही ना माहीत, साहेब."

काल मला म्हणाले, "तुमच्या प्रयोगशाळेच्या दारात हौद आहे का?"

"आहे."

"कोण बघतं?"

"कुणी नाही. ज्याचं त्याने करायचं."

"मग झालं कल्याण," असं म्हणून हसले. हसता हसता खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही. मुलीने पाठ चोळली. मी पेला धरून उभी होते.

खोकला थांबल्यावर म्हणाले, "मी जावयाच्या तळ्यावर जायला नको होतं त्या आठवड्यात. जाळं ओढायला माणूस कमी होतं म्हणून गेलो. येताना धुतले होते बूट. धुतले होते, असं वाटतंय. आता खात्री नाही राहिली."

हे त्यांनी तीन वर्षांपूर्वीही सांगितलं होतं. तू त्यांना फाटकातून बाहेर काढलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशी ते माझ्याकडे आले होते, बसने, दोन गाड्या बदलून. मला विचारलं, "ताई, खरंच माझ्या बुटातून आलं असेल का?" मी म्हटलं, "येऊ शकतं." शास्त्र म्हणून वाक्य बिनचूक होतं. बुटातून येऊ शकतं. कुणाच्याही. त्यांनी मान हलवली, माझे आभार मानले आणि परत दोन गाड्या बदलून गेले.

मी काल जे सांगायला गेले होते ते न सांगता आले.

घरी आल्यावर वहिनीचा फोन. म्हणाली, तू पत्रं उघडत नाहीस. फेकतही नाहीस. फ्रिजवर ठेवतोस, त्यावर केळी ठेवतोस. "मी उघडू का?" असं तिने विचारलं. मी म्हटलं, त्याच्या नावावर आहेत, तू नको उघडूस.

ताई


९ फेब्रुवारी

(पोस्टकार्ड)

बारक्या, हे कार्ड आहे, उघडावं लागणार नाही. पोस्टमनने वाचलं तरी चालेल.

आपल्या केंद्रात रोग मी आणला. माझ्या बुटांतून. काकांचा काही संबंध नाही. मला हे रोग दिसल्याच्या चौथ्या दिवसापासून माहीत आहे.

ताई


१८ फेब्रुवारी

बारक्या,

वहिनीने सांगितलं, कार्ड तिने जेवताना वाचून दाखवलं. तू ताट सरकवलंस, बाहेर जाऊन रिकाम्या हौदांच्या कडेने चालत राहिलास. मग येऊन फ्रिजवरची तिन्ही पत्रं एका बैठकीत वाचलीस. बोलला नाहीस. ठीक आहे. आता सगळं लिहिते.

त्या सकाळी तुझा फोन आला होता, अंडी फुटली, ये, बाबा वाट बघताहेत. मी तेव्हा दुसऱ्या एका बीजकेंद्रात होते. तिथली पिल्लं कलून गिरक्या घेत होती, मी नमुने घेत होते. कुठलं केंद्र ते बाहेर सांगायची आम्हाला बंदी असते, म्हणून तुला "कामात आहे" एवढंच म्हटलं. नमुने पेटीत ठेवले. नळावर बूट धुतले. साबण लावून, घासून, चांगले. गाडीत बसले ती सरळ तुझ्याकडे.

साबणाने. दहा वर्षं मी आधीच्या नोकरीत तेलकट वेष्टणाच्या विषाणूंवर काम केलं होतं. साबणाने ते वेष्टण विरघळतं आणि विषाणू मरतो. हाताला सवय ती लागलेली. आपल्याकडच्याला वेष्टणच नाही, साबण त्याचं काय करणार? थोडी घाण निघते, बाकीचा तो खाचेत बसून राहतो, ओला. हे मी दर वर्षी नव्या मुलांना शिकवते. पहिल्याच तासाला शिकवते.

फाटकाशी काकांनी हौद रिकामा केला होता. ताजं पाणी भरून पावडर कालवत होते. म्हणाले, "ताई, दोन मिनिटं. मग पाच बुडवायची."

मी म्हटलं, "काका, साबणाने धुतलेत आत्ताच. बाबा थांबलेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातात काठी होती, ढवळायची. म्हणाले, "तुम्ही म्हणता म्हणजे झालं," आणि बाजूला झाले.

आयुष्यात एका माणसाला त्यांनी तसं सोडलं. त्या माणसाला सगळ्यात जास्त कळतं म्हणून.

मी आत आले. तू ट्रे दाखवलेस. एका ट्रेमधलं पाणी सांडलं, माझ्या बुटांवरून वाहत हौदात गेलं. तू म्हणालास, "ताईच्या पायाचं पाणी, आता बघ कशी वाढतात." बाबा हसले. हे तुला आठवत नसेल. मला आठवू नये असं फार वाटतं.

पुढचं तुला माहीत आहे. तुझ्या हौदातला विषाणू आणि त्या दुसऱ्या केंद्रातला, दोघांच्या जनुकांच्या अक्षरांच्या ओळी मी चौथ्या दिवशी एकाखाली एक मांडल्या. एका अक्षराचा फरक नव्हता. काकांच्या जावयाच्या तळ्यावर तर रोगच नव्हता, तेही मी तपासून घेतलं होतं. कागद खणात ठेवला. अहवालात लिहिलं, "बाहेरून आलेल्या व्यक्तीच्या पादत्राणांतून संसर्ग शक्य." तू ते वाचून काकांकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघत होते. तेव्हा एक शब्द पुरला असता.

का बोलले नाही, तर सुरुवातीला वाटलं, बाबांना आता नको. मग बाबा गेले. मग वाटलं, तू तसंही बोलत नाहीस. प्रत्येक वेळी कारण खरंच होतं.

परवा काकांना सांगितलं. तो कागदही नेला होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, मला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही."

"नाही हो, काका. हे बघा."

"ही अक्षरं मला काय कळणार? तुम्ही काहीही दाखवाल." आणि माझा हात थोपटला. "शिकलेलं माणूस खोटं बोलायला लागलं की लगेच कळतं. तुम्हाला सवय नाही त्याची. नका करू असं. मरणाऱ्याला कुणी काहीही सांगतं."

मी तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा त्यांनी डोळे मिटले. मुलगी मला बाहेर घेऊन आली, म्हणाली, "ताई, आता बास. त्यांना त्रास होतोय."

ती बिचारी माझ्याशी चांगलं वागते. तिलाही खोटंच वाटतंय बहुतेक.

बारक्या, माझ्या बोलण्यावर त्यांचा विश्वास बसणार नाही. मी शहाणी आहे हे त्यांनी एकदा ठरवलंय. तुझ्यावर बसेल. फाटकातून तू त्यांना काढलंस, तूच आलास तर ते ऐकतील. तू कुणाला बरं वाटावं म्हणून कधी काही बोलत नाहीस, हे त्यांना चांगलं ठाऊक आहे.

डॉक्टर आठवड्याचं म्हणतात. भेटायची वेळ चार ते सहा. दुसरा मजला, खिडकीकडून दुसरी खाट. मी तिथे नसेन. चार ते सहा मी प्रयोगशाळेतच असेन, हवं तर सहायिकेला फोन करून विचार. मला माफ कर असं मी म्हणत नाही. माझ्याशी बोलू नकोस. पण जा.

ताई


३ मार्च

बारक्या,

काकांची मुलगी आज आली होती. तिने सांगितलं तेवढंच मला माहीत आहे. शनिवारी पाच वाजता तू आलास. स्टुलावर बसलास, स्टूल मोडेल असं तिला वाटलं. म्हणालास, "काका, चूक झाली माझी. तुमच्या बुटातून नव्हतं आलं. ताईच्या बुटातून आलं."

ते म्हणाले, "तिने सांगायला पाठवलं का?"

तू म्हणालास, "मी तिच्याशी बोलत नाही."

ती म्हणते, हे ऐकल्यावर त्यांना पटलं. वरच्या पंख्याकडे बघत राहिले. तोंडावर हात घेतला. खांदे हलत होते. तुझा हात धरायला गेले तर तूच त्यांचे पाय धरून बसला होतास. तिने खोलीतल्या बाकीच्यांना सांगितलं, काही नाही, घरचे आहेत.

मग त्यांनी विचारलं, "ताईंना कुणी रागावलं तर नाही ना?"

तू म्हणालास, "नाही."

रात्री नीट झोपले. बूट नातवाला द्यायला सांगितले. सोमवारी सकाळी गेले.

मी ऑफिसला सगळं लेखी दिलंय. अहवाल दुरुस्त करा, काकांच्या घरी पत्र पाठवा, माझी चौकशी करा. साहेबांनी वाचलं, कागद उलटा ठेवला. "मॅडम, तीन वर्षं झाली. तुमची सर्व्हिस चांगली आहे. कशाला उकरून काढता?" मी अर्ज मागे घेतला नाही. ते बघू म्हणाले. वहिनी फोनवर रडली, पण मला एक शब्द बोलली नाही. काकांची मुलगी निघताना म्हणाली, ताई, जपा. तुम्ही खरं सांगत होता, ते बाबांना कळलं नव्हतं.

तू काकांना खोटं सांगितलं नाहीस. मला खरंच कुणी रागावलं नाही.

आता रागावायला तूच राहिला आहेस. रविवारी मी दिवसभर घरी असते.

ताई